क्लीटच्या बुटांपायी 11,049 रुपये गेले

आर्मीवाला, बदली झाली, सामान विकायचंय, क्यूआर पाठवतो, हे ऑनलाइन फसवणुकीचं सगळं नाटक मला माहीत होतं. व्हॉट्सॲपवर असले मेसेज पुढे ढकलणारा मीच. म्हणून आधीच सांगतो, मला ‘एवढं कसं कळलं नाही’ विचारू नका. घरात विचारून झालंय.

जानेवारीत 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची होती. साडेतेरा तासांची मुदत. ग्रुपमधले सगळे क्लिपलेसवर, मी एकटा साध्या पेडलवर. (बुटाच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा लावून पाय अडकवायच्या पेडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात, कारण जुने पट्ट्यावाले टो-क्लिप त्यात नसतात. नावापासूनच फसवणूक सुरू.) मित्राच्या पेडलवर भिंतीला धरून सराव केला. टाच बाहेर वळवायची की पाय सुटतो, हे भिंतीशी जमलं. खडकवासल्याहून परतताना सिग्नलला नाही जमलं. थांबलेल्या सायकलवरून आडवा झालो, कोपर सोललं, मागचा रिक्षावाला हसला. पण त्या सवयीशिवाय बोपदेव घाट नको, असं डोक्यात बसलं होतं.

त्याच आठवड्यात जाहिरात दिसली. शिमानोचे पेडल आणि 43 नंबरचे बूट, ‘दोन महिने वापरले’, 7,200 रुपये. फोन केला तर तिकडून चक्क मराठी. ‘दादा, सिग्नलला दोनदा पडलो, बायको म्हणाली विकून टाक.’ आता सांगा, नुकतंच कोपर सोललेल्या माणसाला हे खोटं वाटेल? मला तर तो भाऊच वाटला. शिकवणी पण दिली: पेडलची स्प्रिंग अगदी सैल ठेवा, थांबायच्या आधीच एक पाय सोडा. सल्ला बरोबर होता, हेच चीड आणतं.

आणि आता तो फोटो. पेडल होते एसपीडी, म्हणजे दोन बोल्टच्या छोट्या लोखंडी क्लीटचे. बुटाच्या तळाला भोकं होती तीन, म्हणजे रोड सायकलवाल्या दुसऱ्या प्रकारची, एसपीडी-एसएलची. हा जोड एकमेकांत बसतच नाही. मी ते पाहिलं. पाहिलं, झूम केलं आणि विचारलंसुद्धा! तो म्हणाला, ‘दादा, अडॅप्टर देतोय ना सोबत.’ असा अडॅप्टर बाजारात खरंच मिळतो, म्हणून थाप पचली. पण दोन महिने वापरलेल्या बुटाच्या तळाला एक ओरखडा नव्हता. क्लीट लावून फरशीवर चार पावलं टाकली तरी तळ खरवडतो. दोनदा पडलेल्या माणसाचे बूट दुकानातल्यासारखे चकाचक! दोन वेगवेगळ्या जाहिरातींतले फोटो उचलून जोडलेले, दुसरं काय. तिथेच फोन ठेवायला हवा होता. रात्री अजून तो तळ डोळ्यांसमोर येतो.

शनिवारी दुपारी टोकन 1,200. मग पॅकिंग आणि कुरिअरचे 850. मग पावतीचा फोटो आला, उरलेले 6,000. मग ‘ट्रान्झिट इन्शुरन्स, डिलिव्हरीला परत मिळतो’ म्हणून 2,999. शेवटचे 2,999 का दिले? कारण 8,050 आधीच अडकले होते. या वाक्यावर माझी बायको अजून हसते. परत मिळणारी रक्कम आधी भरायला लावली की समजा, गेली. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, हे मला पाठ आहे. पण इथे मी पैसे पाठवतच होतो, त्याला काय करणार?

रात्री नंबर बंद. लाजेपोटी कुणाला बोललो नाही आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला रविवारी सकाळी, एकोणीस तासांनी. तुम्ही एकोणीस मिनिटं पण थांबू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही हाताला लागतं. माझे तोवर खात्यातून निघून गेले होते.

सोमवारी बँक. ‘पिन तुम्हीच टाकलात ना? मग फ्रॉड कसला?’ अर्ज घेतला, पोच द्यायला तीन दिवस. मग पोलीस स्टेशन. ‘समोरचं खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही.’ 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी मोबाईलवर दाखवलं, तर ‘मग वकीलच आहात की’ असं ऐकलं. सायबर पोलिसांकडे पाठवलं, त्यांनी रक्कम ऐकून परत इकडे. चार चकरा, दोन अर्ध्या रजा. एका हवालदाराला मात्र वेगळीच उत्सुकता: ‘बूट पेडलला अडकतो? मग माणूस पडत नाही का?’ काय सांगणार!

वापरलेलं घ्यायचंच तर हातात घेऊन, बूट उलटा करून बघा. लांबचा विक्रेता असेल तर व्हिडिओ कॉलवर क्लीट पेडलमध्ये ‘टक्’ करून दाखवायला सांगा. टोकन नावाचा प्रकारच नको. स्क्रीनशॉट त्याच क्षणी काढून ठेवा, मेसेज नंतर उडवतात, माझे उडवले. 11,049 मध्ये नवे पेडल आणि नवे बूट दोन्ही आले असते, हे मला कळवायची गरज नाही.

शेवटी तक्रारीची प्रत मिळाली. मालाचं वर्णन: ‘सायकलची चप्पल, जोड 1’. दुरुस्त करायला परत गेलो, तर साहेब रजेवर.