मल्याळम नॅशनल अवॉर्डची यादी धरून पिक्चर बघावेत का? (साडेतीन स्टार)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या एका पिक्चरचा नाही, यादीचा आहे. नॅशनल अवॉर्डमध्ये दरवर्षी भाषेप्रमाणे उत्कृष्ट चित्रपट निवडतात ना, त्यातले मल्याळमचे सगळे एकाखाली एक लिहून काढले आणि जेवण झाल्यावर 'आज काय लावूया' म्हणून घरात जे रोजचं भांडण होतं त्यावर उपाय म्हणून ती यादी फ्रिजवर चिकटवली. फुकटची सर्व्हिस आहे, निवड करणारी माणसं सिनेमातली जाणकार, आधी प्रादेशिक ज्युरी चाळणी लावते मग दिल्लीची केंद्रीय ज्युरी बघते, म्हणजे आपल्याला नुसतं रिमोट दाबायचं काम. दीड स्टार कशाला कापला ते खाली येतंच.

पहिलं चांगलं सांगतो. २०१६, २०१७ आणि २०१८ ह्या तीन वर्षांची निवड डोळे मिटून घ्या. महेशिन्टे प्रतिकारम, तोंडिमुतलुम दृक्साक्षियुम आणि सुडानी फ्रॉम नायजेरिया. अवॉर्डवाला पिक्चर म्हणजे कोणीतरी खिडकीतून पाच मिनिटं बाहेर बघत बसणार अशी ज्यांची समजूत आहे (आमच्या घरी बाबा) त्यांना ह्या तिघांपासूनच सुरुवात करून द्यावी. महेशमध्ये इडुक्कीतला एक साधा फोटो स्टुडिओवाला भर रस्त्यात मार खातो आणि परतफेड केल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही अशी शपथ घेतो, बस एवढीच गोष्ट, पण गावातला प्रत्येक माणूस असा उभा केलाय की दुसऱ्या दिवशी बाजारात तेच चेहरे दिसायला लागतात. तोंडिमुतलुममध्ये चोर बसमध्ये बाईच्या गळ्यातली चेन मारतो आणि गिळून टाकतो, आणि मग उरलेला पिक्चर जवळजवळ सगळा कासरगोडकडच्या पोलीस स्टेशनात, चेन कधी बाहेर येते त्याची वाट बघत. फहाद फासिलला त्या चोराच्या कामासाठी सहायक अभिनेत्याचं नॅशनल मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं, तो माणूस नुसता बाकावर बसून पोलिसांकडे बघतो तरी आपण हसतो आणि घाबरतोही. दोन्ही पिक्चर दिलीश पोतनचे.

सुडानीबद्दल जरा जास्त लिहितो कारण गोव्यात हा पिक्चर एवढा कमी लोकांनी कसा बघितलाय तेच मला कळत नाही. मलप्पुरमकडची सेव्हन्स फुटबॉल, म्हणजे सात सात जणांची टीम, गावोगावच्या टुर्नामेंट, बाहेरून आफ्रिकन प्लेयर आणतात, मॅनेजरच्या खिशात दमडी नाही पण रुबाब मोठा. आमच्याकडे भाताची कापणी झाली की शेतात गोलपोस्ट उभे राहतात आणि वाड्यावाड्यांत मारामारीपर्यंत गोष्ट जाते, त्यामुळे ह्यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. प्लेयरचा पाय मोडतो आणि त्याला मॅनेजरच्या घरी आणून ठेवतात, मग मॅनेजरची आई आणि शेजारची म्हातारी त्याची सेवा करतात, भाषा एकमेकांची कळत नाही, तरी चाललंय. सावित्री श्रीधरनना ह्या पिक्चरसाठी स्पेशल मेन्शन मिळालं. सौबिन शाहीरने तो मॅनेजर असा केलाय की त्याचं आणि सावत्र बापाचं काय बिनसलंय ते कोणी बोलून न दाखवता आपल्याला समजत जातं. आई दोनदा रडली आणि मग म्हणाली डोळ्यात काहीतरी गेलं.

जुन्या भागात गेलात तर वेग एकदम बदलतो हे लक्षात ठेवा. १९८१ चा एलिप्पत्तायम, अडूर गोपालकृष्णनचा, लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पण त्याला सदरलँड ट्रॉफी दिली होती. जुनं मोठं घर, उण्णी नावाचा घरमालक, अंगणात गाय शिरली तरी उठून हाकलणार नाही, बहिणीला हाक मारणार, घरात उंदीर झालेत, पिंजरा लावलाय, आणि हळूहळू कळतं पिंजऱ्यात कोण आहे ते. आमच्या काकीने अर्ध्या तासात सांगून टाकलं, "हो तर आमचोच भाटकार मरे!" (भाटकार म्हणजे जमीनदार) आणि खरंच आहे, कूळ कायदा आल्यावर जमिनी गेल्या, माजघर तेवढं राहिलं, आरामखुर्ची राहिली, अशी घरं फोंडा तालुक्यात बोट दाखवीन तिथे आहेत. ज्या क्रिटिक लोकांनी ह्या पिक्चरवर पानंच्या पानं लिहिली त्यांच्यापेक्षा काकी लवकर पोचली. पण रात्री जेवून लावू नका, रविवारी दुपारी चहा घेऊन बघा, नाहीतर झोपाल आणि दोष यादीला द्याल.

१९८९ चा मतिलुकळ पण अडूरचाच, मल्याळम लेखक बशीर ह्यांच्या गोष्टीवरून. तुरुंगात एक लेखक, भिंतीपलीकडे बायकांचा तुरुंग, तिथली नारायणी कधीच दिसत नाही, फक्त आवाज, तो आवाज केपीएसी ललिताचा. मामूट्टी मला एरवी एवढा आवडत नाही, इथे मात्र तोंड बंद. (आग्वादचा जुना तुरुंग आता म्युझियम केलाय, तिथे फिरताना हाच पिक्चर आठवत होता.) १९९३ चा विधेयन पण यादीत आहे, त्यातही मामूट्टी, पण इथे जुलमी जमीनदार, अंगावर येतो, मुलांना घेऊन बघू नका.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार ही की यादीचं नाव उत्कृष्ट मल्याळम पण त्या वर्षातला सगळ्यात वर गेलेला मल्याळम पिक्चर कित्येकदा त्यात नसतोच. कारण देशभरातला सर्वोत्कृष्ट म्हणून मल्याळम पिक्चरच निवडला गेला, की भाषेचं अवॉर्ड दुसऱ्या मल्याळम पिक्चरला जातं. २०२२ घ्या. सुवर्णकमळ (देशभरातल्या सर्वोत्कृष्टचं बक्षीस) आट्टमला, मल्याळमचं रजतकमळ (भाषेचं बक्षीस) सौदी वेळ्ळक्काला. २०१० मध्ये वर आदामिन्टे मगन अबू, भाषेत वीट्टिलेक्कुळ्ळ वळी. नुसती भाषेची यादी धरून बसलेला माणूस आट्टम आणि अबू दोन्ही चुकवणार, तसंच १९६५ चा चेम्मीन, १९८८ चा पिरवी, १९९९ चा वानप्रस्थम. म्हणून आमच्या फ्रिजवर आता दोन कागद आहेत. उलटंही होतं, २०१९ ला सुवर्णकमळ मरक्कारला गेलं, भव्य जहाजं वगैरे, मला काही झेपला नाही, आणि भाषेचं कळ्ळ नोट्टमला, लहान पोरं आणि एक चोरलेला कॅमेरा एवढाच मामला, छोटासा पिक्चर पण कितीतरी जिवंत. त्याच वर्षीचा कुंबळंगी नाइट्स तर दोन्ही कागदांवर नाही. ई.मा.यौ. पण नाही, ज्याच्यासाठी आपल्या पणजीतच २०१८ च्या इफ्फीत (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) लिजो जोस पेल्लिशेरीला बेस्ट डायरेक्टर आणि चेंबन विनोदला बेस्ट ॲक्टर दिलं. एका ज्युरीला दिसतं ते दुसरीला दिसत नाही, चालायचंच.

दुसरी तक्रार, उशीर. २०२२ चे अवॉर्ड ऑगस्ट २०२४ मध्ये, २०२३ चे ऑगस्ट २०२५ मध्ये. आट्टमने तर २०२३ च्या इफ्फीत इंडियन पॅनोरमाची, म्हणजे भारतीय पिक्चरच्या विभागाची, सुरुवात झाली होती, म्हणजे पणजीत पास काढून उभं राहिलेल्या माणसाने तो अवॉर्डच्या कितीतरी आधी बघून घेतला. नाटक मंडळीतली एक बाई आणि बाकी सगळे पुरुष, रात्री काहीतरी होतं आणि मग नुसती मीटिंग, प्रत्येकजण आपापला फायदा बघून मत फिरवतो. गावच्या नाटकात काम केलेल्या कोणालाही ती मीटिंग ओळखीची वाटेल. त्यामुळे ताजं बघायचं असेल तर नोव्हेंबरात इफ्फीच गाठावी, मल्याळम पिक्चरच्या रांगेत केरळहून आलेली पोरं सकाळपासून असतात, बुकिंगला हात चालवावे लागतात एवढंच.

तिसरी, मिळत नाहीत. २००० नंतरचे बरेच कुठल्या ना कुठल्या ॲपवर सापडतात, आधीचे कमी, आणि सापडले तर प्रिंट अशी की माणूस आणि माड वेगळा ओळखता येत नाही. एका ॲपवर तर इंग्लिश सबटायटल माणूस बोलून खोलीबाहेर गेला तरी येत नव्हती. मराठी सबटायटलचं नाव काढू नका. बक्षीस म्हणून रजतकमळ आणि आता दोन लाख रुपये देतात ते चांगलंच, पण त्याबरोबर चांगली प्रिंट लोकांना बघायला ठेवली असती तर मी आणखी अर्धा स्टार दिला असता.

कोणी कुठून सुरू करावं म्हणून विचारत असाल तर सासू-सून एकत्र बसणार असतील तर २०२३ चा उळ्ळोळुक्कु. घरात पुराचं पाणी भरलंय, मुलगा वारलाय, पाणी ओसरेपर्यंत पुरता येत नाही आणि तोवर सगळ्यांची गुपितं वर येतात. उर्वशीला सहायक अभिनेत्रीचं मिळालं, ती आणि पार्वती समोरासमोर येतात तिथे फोन बाजूला ठेवा. वडीलधारी असतील तर २०२१ चा होम, इंद्रन्सचा, व्हॉट्सॲप शिकणारे बाबा ज्यांच्या घरी आहेत त्यांना तर नक्कीच. फुटबॉलवाल्यांना सुडानी. एलिप्पत्तायम सगळ्यात शेवटी, आणि शेजारी काकी असेल तर उत्तम.