रिटायर्ड लेगो सेट घेताना माझी झालेली फसवणूक, कृपया शेवटपर्यंत वाचा

हे खरंतर दोन महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं, पण तो विषय काढला तरी जीव तळमळायचा म्हणून टाळत राहिले. गेल्या आठवड्यात त्याच विकणाऱ्याची जाहिरात परत दिसली, दुसऱ्या नावाने, म्हणून आता बसून सगळं लिहितेय. मोठेपणी परत लेगोकडे वळलेल्या आणि जुने, रिटायर्ड म्हणजे कंपनीने बनवणं बंद केलेले सेट सेकंडहँड शोधणाऱ्या सगळ्यांसाठी आहे हे.

आधी थोडं माझ्याबद्दल म्हणजे मी कशी अडकले ते कळेल. लहानपणी मी आणि माझा भाऊ तासन्‌तास विटा जोडत बसायचो, मग अभ्यास, नोकरी, संसार, आणि ते सगळं कुठल्यातरी खोक्यात जाऊन पडलं. या मधल्या कोरड्या वर्षांना लेगोवाले लोक डार्क एजेस म्हणतात, माझी ती 22 वर्षं चालली. एकेचाळिसाव्या वर्षी आईकडचा माळा आवरताना खोका सापडला, मी तिथेच फरशीवर बसले, दोन विटा उचलल्या आणि दाबल्या. तो खट्ट आवाज! मला रडूच आलं, काय सांगू. आणि नवीन आणलेल्या छोट्या सेटच्या विटा या जुन्या विटांवर बसवून बघितल्या तर अगदी घट्ट बसल्या. 28 जानेवारी 1958 ला वर स्टड म्हणजे ते गोल उंचवटे आणि आत नळ्या या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला, तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. दोन स्टडमधलं अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6 मिलिमीटर, ते माप इतक्या वर्षांत हललेलं नाही. मला या छंदात सगळ्यात जास्त भावतं ते हेच, की कोणीतरी एक माप ठरवलं आणि ते पाळलं. म्हणून तर जुना माल घ्यायला आपण घाबरत नाही, वीट वापरलेली असली तरी वीटच आहे ना. माझा विश्वास बसला तो इथेच.

मला हवा होता ग्रीन ग्रोसर. सेट नंबर 10185, 2008 साली आलेला, 2352 तुकडे. मॉड्युलर इमारतींच्या मालिकेतला तिसरा, त्याच्या आधी 2007 मध्ये कॅफे कॉर्नर आणि मार्केट स्ट्रीट येऊन गेले होते. तीन मजली इमारत, खाली भाजी-किराण्याचं दुकान, वर घरं, प्रत्येक मजला वेगळा उचलता येतो. आणि त्या वरच्या भिंतींचा रंग! सँड ग्रीन म्हणतात त्याला, जुन्या तांब्यावर चढतो तसला फिकट राखाडी हिरवा. या रंगाच्या विटा त्या काळात फार कमी सेटमध्ये होत्या, त्यामुळे सेट रिटायर झाल्यावर नुसत्या त्या विटांनाच प्रचंड मागणी आली. हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्याचा अर्थ कसा लावायचा ते कळलं नाही.

एका सेकंडहँड प्लॅटफॉर्मवर जाहिरात दिसली. वापरलेला, पूर्ण, पुस्तिकेसकट, खोका नाही. फोटो छान होते, निळ्या कटिंग मॅटवर इमारत उभी, मॅटचा एक कोपरा फाटलेला, हा कोपरा लक्षात ठेवा. मी मेसेज केला. माणूस इतका अदबीने बोलायचा की काय सांगू, पहिल्याच दिवसापासून ताई ताई. ताई, तुम्ही किती वर्षांनी परत आलात? ताई, मी पण असाच परत आलो, माझा मुलगा मोठा झाला आता जागा नाही म्हणून देतोय, चांगल्या घरी जावा एवढंच वाटतं. मी अजून फोटो मागितले, त्याने दिले. पूर्ण आहे हे कशावरून विचारलं तर सगळे तुकडे वजनकाट्यावर ठेवून व्हिडिओ पाठवला आणि म्हणाला या सेटच्या तुकड्यांच्या याद्या आणि वजन नेटवर आहे, तुम्ही ताडून बघा. मी ताडलं, जुळलं. मला वाटलं एवढा काटेकोर माणूस! पण नकली वीटही प्लॅस्टिकचीच, त्याच मापाची, तिचं वजन असून असून किती वेगळं असणार? वजनावरून तुकडे कमी आहेत का ते कळतं, खरे आहेत का ते नाही कळत. हे मला आज कळतंय.

पैसे मी प्लॅटफॉर्मवरूनच भरले, बाहेरून नाही, त्यामुळे कोणी म्हणेल मग काय झालं, तक्रार करायची. तेच तर सांगतेय.

पार्सल आलं. आत तीन मोठ्या झिपच्या पिशव्या, प्रत्येकीवर मार्करने लिहिलेलं, तळमजला, पहिला मजला, दुसरा मजला, सगळे तुकडे धुऊन पुसून लख्ख. सोबत त्याच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, ताई घाई करू नका, एका वीकेंडला एक मजला करा, खूप मजा येईल, पुढची पिशवी आधी उघडू नका. मी ती चिठ्ठी जपून ठेवली होती हो, पुस्तिकेत खूण म्हणून.

आणि मी अगदी तसंच केलं. पहिल्या शनिवारी तळमजला. एकूण एक तुकडा अस्सल, बेसप्लेट म्हणजे खालची पाटी चकाचक, काही कमी नाही. रविवारी रात्री त्याचा मेसेज, ताई कसा वाटला, आवडला असेल तर पार्सल नीट मिळालं असं कन्फर्म करून रिव्ह्यू टाका ना, मला पुढच्या गिऱ्हाइकांना बरं पडेल. मी कन्फर्म केलं, पाच स्टार दिले, वर चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या. दुसऱ्या शनिवारी घरात पाहुणे होते म्हणून जमलं नाही. त्याला सांगितलं तर म्हणाला, काही हरकत नाही ताई, छंद आहे, नोकरी थोडीच आहे.

प्लॅटफॉर्मची तक्रारीची मुदत 14 दिवस होती, आणि कन्फर्म केल्यावर तर तीही राहत नाही. त्याला हे पाठ होतं. सावकाश बांधायचं, एकेक पिशवी फोडायची, हा जो आपल्या छंदातला आनंद आहे ना, त्यावरच त्याने जाळं टाकलं होतं. घाई करायला लावणारे ठग आपण ओळखतो, लवकर घ्या, शेवटचा पीस वगैरे, पण घाई करू नका म्हणणाऱ्यावर संशय कोण घेणार? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

तिसऱ्या शनिवारी पहिला मजला घेतला. सुरुवातीपासूनच काहीतरी वेगळं वाटत होतं पण मी मनाला समजावत राहिले की जुन्या विटा आहेत, सैल झाल्या असतील. काही विटा दाबल्या की खट्ट न होता नुसत्या सरकून बसायच्या, काहींना इतका जोर लावावा लागायचा की अंगठ्याच्या टोकाला खळगे पडले. खिडकीच्या बाजूची भिंत सहा-सात थर वर गेली तेव्हा शेजारच्या भिंतीपेक्षा किंचित उंच दिसायला लागली, म्हणजे बोट फिरवलं की पायरी लागायची. एका विटेत केसाएवढा फरक असेल तर थरावर थर चढत तो वाढतच जातो. मजला पूर्ण करून तळमजल्यावर ठेवला तर एका कोपऱ्यात हलत होता, एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा.

भावाला व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, "अगं स्टडवरचं नाव बघ." मी टेबल लॅम्प आडवा केला आणि वीट तिरकी धरली. अस्सल विटेच्या प्रत्येक स्टडवर लेगो हे नाव बारीक उठावात असतं, तिरक्या उजेडात सावली पडून स्पष्ट दिसतं, नखालाही लागतं. माझ्या हातातल्या विटेचे आठही स्टड गुळगुळीत, नुसत्या गोल टिकल्या. दुसरी घेतली, तीही कोरी. शेजारी तळमजल्याची एक वीट ठेवली, तिच्यावर नाव. उजेडात रंगही वेगळा दिसला, नकली हिरवा जरासा निळ्याकडे झुकलेला आणि जास्त चकचकीत. मी काही बोलूच शकले नाही, भाऊ पलीकडून विचारत राहिला, "काय झालं, काय झालं?" आणि मी नुसती वीट कॅमेऱ्यासमोर धरून बसले.

रात्रभर बसून दोन्ही पिशव्या एकेक तुकडा बघून निवडल्या. 318 तुकडे नकली निघाले, आणि जवळजवळ सगळे सँड ग्रीन. बाकी पांढरे, करडे, खिडक्या, दारं, सगळं खरं. म्हणजे त्याने सेटमधून नेमका महागडा रंग उपसून घेतला आणि त्या जागी तेवढ्याच क्लोन विटा भरल्या. ग्रीन ग्रोसरसारख्या जुन्या मॉड्युलर सेटच्या हुबेहूब नकला बाजारात येऊन गेल्यात, त्यामुळे तो रंग क्लोनमध्ये मोजून मिळतो. लेपिन नावाने असे सेट काढणाऱ्या टोळीवर चीनमधल्या शांटौमध्ये एप्रिल 2019 मध्ये छापा पडला, 2020 मध्ये शांघायच्या कोर्टाने मुख्य आरोपीला 6 वर्षांची शिक्षा दिली, पण तोवर जगभर गेलेला माल कुठे जाणार, तो फिरतोच आहे.

एक स्पष्ट सांगते, दुसऱ्या कंपनीच्या विटा वापरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. विटेचं मूळ पेटंट केव्हाच संपलंय, स्वतःच्या नावाने सुसंगत विटा बनवणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यातल्या काही चांगल्याही आहेत. ज्याला परवडतं, आवडतं त्याने घ्यावं. माझं म्हणणं, सांगून विका. अस्सलचे पैसे घेऊन क्लोन हातात देणं ही चोरी आहे.

त्याला मेसेज केला. आधी म्हणाला ताई तुमच्याच जुन्या विटा मिसळल्या असतील. मी म्हटलं माझ्या खोक्यात सँड ग्रीनचा एक तुकडा नाही. मग म्हणाला मी पण कुणाकडून घेतला होता. मग ब्लॉक. प्लॅटफॉर्मने सांगितलं की तुम्ही स्वतः कन्फर्म केलंय आणि मुदतही टळलीये. माझा पाच स्टारचा रिव्ह्यू त्याच्या पानावर तसाच दिसत होता, तो काढून घ्यायलाच मला चार दिवस लागले, त्या चार दिवसांत तो वाचून अजून कोणी घेतलं असेल का हा विचार अजून जात नाही डोक्यातून.

तर आता तुम्ही घेणार असाल तर हे करा. पार्सल आल्या दिवशीच सगळ्या पिशव्या उघडा, कितीही जिवावर आलं तरी. उघडताना सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको. प्रत्येक रंगाचे, प्रत्येक आकाराचे तुकडे बाजूला काढून तिरक्या उजेडात स्टड बघा, आणि सगळ्यात आधी सेटमधला दुर्मिळ रंग बघा कारण ठगाचा डोळा त्यावरच असतो. टाइलवर, म्हणजे वरून सपाट असलेल्या तुकड्यावर, स्टड नसतो, तिथे उलटं करून आतल्या बाजूला नाव शोधा. विटेच्या आत साच्याचा नंबरही असतो, चार बाय दोनच्या नेहमीच्या विटेचा 3001, एक बाय आठचा 3008, यादीशी ताडता येतो. मिनीफिगचं, म्हणजे सेटमधल्या छोट्या माणसाचं, डोकं काढून मानेच्या टोकावर नाव आहे का ते बघा, छपाई बघून ठरवू नका, नकली छपाई आता फार सफाईदार येते. बांधणीची पुस्तिका असणं हा कसलाच पुरावा नाही, त्या लेगोच्या साइटवर फुकट मिळतात, कोणीही छापून घेईल. तुकड्यांची यादी ब्रिकलिंकवर, म्हणजे लेगोचे सुटे तुकडे आणि सेट विकले जातात त्या साइटवर, सेट नंबर टाकला की रंगासकट मिळते, सँड ग्रीन किती हवेत ते मी आधी बघून ठेवलं असतं तर पहिल्याच दिवशी तेवढेच मोजून तपासले असते, तासाभराचं काम होतं.

विकणाऱ्याकडे फोटो मागताना पूर्ण इमारतीचा मागू नका, तो कोणाचाही असू शकतो. भिंतीतल्या चार विटा काढून, आजची तारीख लिहिलेल्या कागदावर ठेवून स्टडचा जवळून फोटो मागा. ज्याच्याकडे खरं आहे तो दोन मिनिटांत पाठवतो, मी नंतर तिघांकडे मागून बघितलं, तिघांनीही पाठवला, एकाने तर कौतुक केलं. आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत कन्फर्म नाही, रिव्ह्यू नाही, समोरचा कितीही ताई ताई करो. सीलबंद खोक्यावरही आंधळा विश्वास नको, डिंक गरम करून फ्लॅप उघडून परत चिकटवलेले खोके फिरतात, फ्लॅपच्या कडेला कागद उचकटलेला किंवा डिंकाचे दोन थर दिसतात का ते बघा. लेगोच्या नावाने स्टॉक क्लिअरन्स म्हणून ज्या साइटच्या जाहिराती येतात, त्यांच्या पत्त्यातलं स्पेलिंग एकेक अक्षर वाचा.

नकली विटा मी वेगळ्या बरणीत भरून वर मोठ्या अक्षरात क्लोन असं लिहून ठेवलंय, म्हणजे माझ्यानंतर हा खोका ज्याच्या हातात जाईल तो फसणार नाही. भिंती सध्या लहानपणीच्या पांढऱ्या विटांनी बांधल्यात, मजला आता हलत नाही. खऱ्या सँड ग्रीन विटा थोड्या थोड्या जमवतेय, सुटे पार्ट विकणाऱ्यांकडून, दहा-दहा करून.

आणि ते जमवतानाच गेल्या आठवड्यात एक जाहिरात समोर आली. वापरलेल्या सँड ग्रीन विटा, अस्सल, तीनशेच्या वर, एकत्रच द्यायच्या आहेत. विकणाऱ्याचं नाव वेगळं, अकाउंट नवीन, खाली निळी कटिंग मॅट, कोपरा फाटलेला. त्याच अकाउंटवर दुसरीही जाहिरात आहे, दुसऱ्या एका रिटायर्ड मॉड्युलर सेटची, मजल्याप्रमाणे पिशव्या केलेल्या, पूर्ण, पुस्तिकेसकट. मी स्क्रीनशॉट, जुना चॅट आणि त्या चिठ्ठीचा फोटो प्लॅटफॉर्मला पाठवलाय, सायबर पोलिसांकडे लेखी तक्रारही दिलीये. आज सकाळपर्यंत दोन्ही जाहिराती चालूच होत्या. ती मॅट दिसली तर घेऊ नका, आणि त्याच्याकडून आधीच घेतलं असेल तर आत्ता उठा आणि उरलेल्या पिशव्या उघडा.