रंगपंचमीची रात्र, भांगेची ठंडाई आणि सिनेमा: कोणता लावावा, कोणता टाळावा

पुण्याहून आतेभावाचा परवा फोन आला. "यंदा रंगपंचमीला येतोय. गेर बघू, संध्याकाळी ठंडाई घेऊ, आणि रात्री सिनेमा कोणता ते तू ठरवून ठेव." इंदुरात रंगपंचमी धुळवडीपेक्षा मोठी. राजवाड्याच्या रस्त्यांवर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, टँकरमधून रंगाचे फवारे उडतात, गुलाल वरच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्यांपर्यंत पोचतो. दुपारी माणूस घरी येतो तो केसांत, कानांत रंग घेऊन आणि पायांचे तुकडे पडलेले असताना. आंघोळी झाल्या की मंडळी गच्चीवर जमतात, ठंडाई वाटली जाते, संध्याकाळ झाली की आम्ही भिंतीवर प्रोजेक्टर लावतो. सहा वर्षं हे चाललंय. त्यातल्या दोन रात्री साफ विस्कटल्या, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं: सिनेमा चुकीचा निवडला होता.

त्याने पुढे विचारलं, "येताना पुण्याहून नशेचं काही आणू का?" अजिबात नको. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे आणि चरस म्हणजे त्याची राळ. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येतून बाहेर राहतात, म्हणून पानांच्या भांगेचा कारभार राज्यांकडे आहे आणि मध्य प्रदेशात तिची सरकारी परवान्याची दुकानं आहेत. गांजा थोडासा जवळ सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. उलट इथली उरलेली भांग पुण्याला न्यायचीही सोय नाही, कारण महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत भांगही येते. तेव्हा इथे घ्यायची, इथेच संपवायची, आणि या लेखात जे आहे ते भांगेपुरतंच.

सिनेमा निवडण्याआधी घड्याळ बघायला हवं. भांग पोटातून जाते. यकृतात तिच्यातल्या नशेच्या घटकाचं आणखी तीव्र रूप तयार होतं आणि मग ते डोक्यापर्यंत पोचतं. त्यामुळे चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कितीही वेळ लागतो, आणि चढली की चार ते सहा, कधी आठ तास उतरत नाही. पाचला पेला घेतला, सहाला काहीच वाटेना म्हणून दुसरा घेतला, आणि आठला दोन्ही एकदम अंगावर आले, ही चूक मी दरवर्षी कोणाची ना कोणाची पाहतो. सिनेमाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की सहाला लावलेला सिनेमा तुम्ही जवळजवळ शुद्धीत बघणार आहात आणि आठला लावलेला अजिबात नाही. दोन्ही वेळांना एकच माप चालत नाही.

चढल्यावर काय होतं? नुकतंच ऐकलेलं निसटतं. पाच मिनिटांचा प्रसंग पंधरा मिनिटांचा वाटतो. रंग आणि आवाज जवळ येतात. छातीचे ठोके वाढतात, आणि काहींच्या मनात विनाकारण शंका शिरते. मी सिनेमा तोलतो तो याच गोष्टींवर: कथेचा धागा सुटला तरी चालेल का, प्रसंग लांबला तरी सहन होईल का, आणि यात घाबरवणारं किंवा संशय पेरणारं काही आहे का.

आधी दोन विनोदी सिनेमे शेजारी ठेवू, कारण गच्चीवर पहिली मागणी त्यांचीच होते. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आणि 'जाने भी दो यारों' (१९८३). आमच्या पिढीच्या मराठी घरात बनवाबनवी पाठ असतो. इंदुरात तर आम्ही तो मराठीचा रियाज म्हणूनही बघितला. शाळेत हिंदी, दारात हिंदी, आणि अशोक सराफ-लक्ष्मीकांत बेर्डेंच्या तोंडून कानावर पडणारी घरातली भाषा. भाड्याच्या खोलीसाठी दोघांना बायका व्हावं लागतं, एवढी गोष्ट लक्षात राहिली की पुरे. धागा सुटला तरी पुढचं वाक्य तोंडात आधीच तयार असतं. शिवाय लोक बोलत बघतात, मध्येच कोणी कचोरी आणायला खाली जातं, परत येतं, काही बिघडत नाही. भांग हळूहळू चढत असताना याच्याइतका भरवशाचा सिनेमा मला दुसरा माहीत नाही.

कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारों' कलाकृती म्हणून मी बनवाबनवीच्या वर ठेवतो. पण या कामासाठी नाही. त्यात बिल्डर, आयुक्त, संपादक यांची एकमेकांत अडकलेली लबाडी आहे. कोण कोणाला फसवतोय हे ध्यानात ठेवावं लागतं. महाभारताच्या नाटकात प्रेत द्रौपदी होऊन उभं राहतं त्या प्रसंगाला गच्ची हसून लोळते, हे खरं. त्यानंतर मात्र शेवट येतो. निरपराध दोघं कैद्यांच्या कपड्यांत रस्त्याने चालताना दिसतात आणि गळा कापल्याची खूण करतात. साध्या मनाने बघताना तो शेवट विचार करायला लावतो. भांगेत तो छातीवर बसतो. एका वर्षी त्यानंतर पाऊण तास कोणी बोललं नाही, आणि माझा एक मित्र "आपल्यालाही असंच अडकवतील" हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याला खाली नेऊन बसवावं लागलं. हा सिनेमा दुसऱ्या दिवशी, पोहे-जिलबीनंतर बघा.

आता संवाद नसलेले किंवा अगदी कमी असलेले सिनेमे. इथे निवड खरी अवघड आहे, कारण तिन्ही मला मनापासून आवडतात.

रॉन फ्रिके यांचा 'बाराका' (१९९२) ७० मिलिमीटर फिल्मवर, चोवीस देशांत चित्रित झाला. एक तास छत्तीस मिनिटं, आणि निवेदनही नाही. जपानमधलं माकड गरम पाण्याच्या कुंडात डोळे मिटून बसलंय, बालीतली माणसं वर्तुळात बसून एकत्र नाद काढताहेत, ढग डोंगरावरून वाहताहेत. भांगेत रंग जवळ येतात म्हणजे काय हे इथे कळतं. धागाच नाही, त्यामुळे सुटण्याचा प्रश्न नाही. पण हे सगळं सुंदर आहे असं समजून लावू नका. त्यात कोंबडीच्या पिल्लांना पट्ट्यावरून ढकलणारा कारखाना आहे, वाराणसीच्या घाटावरच्या चिता आहेत. ज्याच्या घरात वर्षभरात मृत्यू झालाय त्याच्यासमोर ही चिता अचानक भिंतभर पेटवू नये. ते भाग कुठे येतात हे आदल्या दिवशी एकदा बघून ठेवा आणि तेवढे पुढे सरकवा. दिग्दर्शकाचा अपमान होईल, पण गच्चीवरच्या माणसाची काळजी आधी.

स्टॅन्ली क्युब्रिक यांचा '२००१: ए स्पेस ओडिसी' (१९६८) याच्या शेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो. यात संवाद आहेत, पण पहिला यायलाच पंचवीसेक मिनिटं लागतात, आणि शेवटचा मोठा भाग पुन्हा शब्दांविना. प्रकाशाच्या बोगद्यातून जाण्याचा तो प्रसंग डग्लस ट्रंबल यांनी कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवून, अरुंद फटीतून एकेक चौकट टिपत बनवला. तेव्हा संगणकाची चित्रं नव्हती. अमेरिकेत हे बघायला नशेतल्या तरुणांची गर्दी होऊ लागली, तेव्हा सिनेमाच्या कंपनीने पुढे जाहिरातही त्याच अंगाने केली. म्हणून जगभर या विषयावर पहिलं नाव हेच निघतं. माझं मत वेगळं आहे. जवळपास अडीच तासांचा सिनेमा भांगेत पाच तासांचा होतो. आणि मधल्या भागात अंतराळवीराचा श्वास तेवढा ऐकू येतो. तो ऐकता ऐकता माणूस स्वतःचा श्वास मोजायला लागतो, आणि ठोके आधीच वाढलेले असतात. ज्यांनी तो आधी पाहिलाय आणि ज्यांना भांग सवयीची आहे, त्यांनी केवळ शेवटचा भाग लावावा. बाकीच्यांनी नको.

आणि आपला 'पुष्पक' (१९८७). सिंगीतम श्रीनिवास राव यांनी त्यात एकही संवाद ठेवला नाही, तरी तो मूकपट नाही. रस्ता, पंखा, टीव्ही, भांडी सगळं ऐकू येतं. कमल हासन बेकार तरुण आहे, दारूच्या नशेत पडलेल्या श्रीमंताच्या जागी पंचतारांकित हॉटेलात जाऊन राहतो. गोष्ट आहे, पण डोळ्यांनी कळते. बर्फाचा खंजीर घेऊन मागे लागलेला मारेकरी आहे, तोही हसवतो. बाराकाच्या मानाने याचे रंग साधे, ओडिसीच्या मानाने भव्यता शून्य. पण वेगवेगळ्या भाषांची माणसं गच्चीवर असतील, जशी आमच्याकडे असतात, शेजारचे सिंधी, वरच्या मजल्यावरचे मल्याळी, तर सगळे एकाच क्षणी हसतात. एकच सिनेमा निवडायचा असेल आणि लोक मिश्र असतील तर मी पुष्पक लावतो.

भयपटाबद्दल थोडक्यात. 'तुंबाड' (२०१८) मला फार जवळचा आहे, त्यातला पाऊस अंगात मुरतो. भांगेच्या रात्री मात्र तो नाही. साखळीने बांधलेली म्हातारी एकदा डोक्यात बसली की बाथरूमला जायलाही सोबत लागते.

एक सापळा सांगायलाच हवा, कारण तो होळीच्या गाण्यातूनच येतो. 'आप की कसम' (१९७४) मधलं भांगेचं गाणं सणाला सगळीकडे वाजतं, म्हणून दरवर्षी कोणीतरी म्हणतं, पूर्ण सिनेमाच लावू. तो सिनेमा नवऱ्याच्या संशयाचा आहे. बायको घर सोडून जाते आणि त्याचं पुढचं आयुष्य भटकण्यात जातं. संशय वाढवणाऱ्या नशेत संशयाची गोष्ट बघणं म्हणजे आगीत तूप. जोडप्यांनी तर नकोच. गाणं तेवढं लावा, दोनदा लावा.

भांग पूर्ण चढलेल्या वेळेसाठी माझी निवड हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो' (१९८८). शहाऐंशी मिनिटं, हाताने काढलेली चित्रं, खलनायक नाही. दोन बहिणी वडिलांबरोबर गावातल्या जुन्या घरात येतात, आई दवाखान्यात आहे. पावसात बसस्टॉपवर उभं राहण्याचा एक प्रसंग आहे. त्यात जवळजवळ काहीच घडत नाही, छत्रीवर थेंब पडतात एवढंच, आणि गच्चीवरचे बारा जण श्वास रोखून बघतात. वेळ लांबतो हा इतर सिनेमांतला त्रास इथे सुख होतो. शेवटाकडे धाकटी हरवते तेव्हा थोडी घालमेल होते, पण ती सुटते. डब केलेली प्रत घ्या. खाली पळणारी अक्षरं या अवस्थेत वाचवत नाहीत. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते.

थिएटर की घर, हेही विचारतात. घर. एकदा मी ठंडाई घेऊन मॉलमधल्या पडद्यावर अंतराळाचा नवा सिनेमा बघायला गेलो होतो. मध्यंतरापूर्वी भांग चढली, आवाज छातीत घुमू लागला, रांगेतून बाहेर निघायला सहा जणांचे पाय ओलांडायचे होते. मी ओलांडू शकलो नाही. आपण इथेच मरणार असं दीड तास वाटत राहिलं. घरी आवाज कमी करता येतो, दिवा लावता येतो, उठून जाता येतं. थिएटरहून परत यायला गाडीही चालवावी लागते, आणि ती भांगेत चालवायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही डोकं जड असेल तर नाही.

ज्याला हृदयाचा त्रास आहे, ज्याच्या घरात मनोविकाराचा इतिहास आहे, जी गरोदर आहे, त्यांना साधी ठंडाई. तीही तितकीच चविष्ट असते, बडीशेप, खसखस, मिरी, मगज सगळं तेच. आमच्याकडे भांगेच्या बरणीला लाल नाडा बांधतात आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवतात. दारू त्या दिवशी घरात आणत नाही. दोन्ही एकत्र झाली की ओकाऱ्या आणि चक्कर ठरलेली. कोणी घाबरलं तर सिनेमा थांबवायचा, ओळखीच्या माणसाने शेजारी बसायचं, पाणी द्यायचं. छातीत दुखलं किंवा माणूस हाकेला ओ देईना, तर वाट न बघता दवाखाना.

तर आतेभावाला मी कळवलंय ते असं. सव्वापाचला एकच पेला. सहाला बनवाबनवी, म्हणजे चढेपर्यंत हसत राहू. मग जेवण, भुट्ट्याचा कीस आणि दही. नऊच्या सुमारास टोटोरो. त्याला पुष्पक हवा असेल तर बनवाबनवीच्या जागी, टोटोरोच्या जागी नाही. आणि त्यानंतरही कोणी जागं असेल, तर प्रोजेक्टर बंद करून इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांचा दरबारी राग लावायचा. त्यांचा विलंबित इतका सावकाश चालतो की भांगेला त्याच्यापुढे घाई झाल्यासारखी वाटते. आवाज मात्र बेताचा ठेवू, खाली आई झोपलेली असते.