‘क्लास’ तरुणांपर्यंत का पोचली नाही?

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेतून निघालेली ‘क्लास’ ही शाळकरी मुलांची मालिका आठ भागांत आटोपली. किशोरवयीनांसाठी लिहिणारे नावाजलेले कादंबरीकार पॅट्रिक नेस यांचं लेखन, मिस क्विल या शिक्षिकेच्या भूमिकेत कॅथरीन केलीसारखी कसलेली अभिनेत्री, आणि १९६३ पासून मूळ मालिकेत असलेली लंडनची कोल हिल शाळा. एवढं भांडवल असूनही सप्टेंबर २०१७ मध्ये ती बंद झाल्याचं जाहीर झालं. लेखनात दोष आहेतच, पण खरा घात प्रदर्शनाने केला.

बीबीसी थ्री ही तरुणांसाठीची वाहिनी फेब्रुवारी २०१६ मध्ये टीव्हीवरून उठून फक्त ऑनलाइन झाली. ‘क्लास’ तिथे २२ ऑक्टोबरला आली: पहिले दोन भाग एकदम, मग आठवड्याला एक. ऑनलाइन पाहणाऱ्याला सगळे भाग सलग हवे असतात. टीव्हीवर चॅनेल बदलताना एखादी मालिका सहज नजरेस पडते, इथे ती नाव टाकून शोधावी लागते. नव्या मालिकेचं नाव कुणाला माहीत असणार? त्यातच १ सप्टेंबरपासून आयप्लेअरवर, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर, काहीही पाहायला ब्रिटनमधला टीव्ही परवाना सक्तीचा झाला होता, तेव्हा वर्षाला एकशे साडेपंचेचाळीस पौंडांचा. घरापासून दूर राहणाऱ्या, टीव्हीच नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही मोठी अडचण.

जानेवारी २०१७ मध्ये बीबीसी वनने ती दाखवली, पण सोमवारी रात्री उशिरा, दोन-दोन भाग जोडून. दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेज असलेली मुलं ती कधी पाहणार? बरं, मूळ मालिकेच्या लाटेवर स्वार व्हावं, तर २०१६ मध्ये ‘डॉक्टर हू’चा नाताळचा एकच विशेष भाग आला, तोही ‘क्लास’ संपल्यावर.

आता मालिकेतल्या दोषाकडे. पहिल्याच भागात राम या विद्यार्थ्याची मैत्रीण त्याच्या डोळ्यांदेखत मारली जाते आणि त्याचा पाय तुटतो. पुढेही रक्तपात थांबत नाही. म्हणजे ‘डॉक्टर हू’ पाहणारी दहा-बारा वर्षांची मुलं बाद. मोठ्यांना मात्र शाळेतली मुलं बघून ही पोरांची मालिका वाटते. याआधी ‘डॉक्टर हू’मधूनच मोठ्यांसाठी ‘टॉर्चवूड’ आणि लहानांसाठी ‘सारा जेन अ‍ॅडव्हेंचर्स’ निघाली होती. प्रत्येकीचा प्रेक्षक पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. ‘क्लास’ नेमकी या दोहोंच्या मधे पडते, आणि हे मधलं वय धरून ठेवणं सगळ्यांत कठीण.

चौथ्या-पाचव्या भागांची जोडकथा रेंगाळते. मात्र सहावा भाग जरूर पाहावा. मुलं एका वर्गात अडकतात आणि हातात घेणाऱ्याला खरं बोलायला लावणारा एक दगड त्यांच्यात फिरतो. एक खोली, पाच जण, आणि नेसचं संवादलेखन इथे पूर्ण ताकदीने दिसतं. सातवा भाग सर्वस्वी मिस क्विलचा आहे. डोक्यात बसवलेल्या जिवामुळे गुलाम झालेली ही योद्धा स्वतःला सोडवायला काय काय मोजते, ते केलीने विलक्षण रंगवलंय. ही पकड पहिल्या भागात असती, तर पुढच्या शनिवारी परत येणारे नक्कीच जास्त असते.

नव्याने पाहणार असाल तर पहिला भाग वगळू नका, त्याशिवाय पात्रांची नाती कळत नाहीत. आणि शेवटचा भाग दुसऱ्या पर्वाची तयारी करून मधेच थांबतो, हे आधीच ध्यानात ठेवा.