घडीची कमोड खुर्ची : घेतो पोरगा, उपसते सून

संडासापर्यंत जाता येत नाही अशा म्हाताऱ्या-आजारी माणसासाठीची ही घडीची कमोड खुर्ची जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जिकलच्या दुकानात हमखास दिसते. लोखंडी पाइप, वर रेक्झिनची सीट, खाली झाकणाची प्लास्टिकची बादली. साधी दोन-तीन हजारांत येते. घ्यायला बहुतेक घरचा पोरगाच जातो. सीट दाबतो, किती किलो पेलते ते विचारतो आणि मोटारसायकलला मागं बांधून आणतो. बादली काढून पाहत नाही, कारण ती पुढं त्याला काढायची नसते.

आणि या खुर्चीची सगळी गोम बादलीतच आहे. स्वस्त खुर्चीत बादली वरून निघते, म्हणजे आधी माणूस उठवून बाजेवर टेकवायचा, मग सीट उचलायची, मग बादली. लकवा झालेला सासरा आणि घरात एकटी सून असेल तर उठवायला दुसरं कुणी येईपर्यंत बादली तशीच राहते, वास घरभर. मागून सरकवून निघणारी बादली असेल तर बसल्या माणसाला हात न लावता ती काढता येते. थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी. कडीही पाहा. बारीक तारेची कडी भरल्या बादलीनं बोटांत रुतते, नाहीतर एका बाजूनं निसटते, आणि ती निसटते नेमकी उंबऱ्यावर. दुकानात पाणी भरून उचलून पाहावी, तीही सुनेनं. घरी प्रत्येक वेळी बादलीत आधी गडवाभर पाणी टाकावं, म्हणजे घाण तळाला चिकटत नाही.

सीटचं भोक गोल नको, पुढून कापलेलं, घोड्याच्या नालेसारखं हवं. पुढून हात जातो, त्यामुळे ज्याचा एक हात चालतो तो म्हातारा स्वतःच धुऊन घेतो. सासऱ्याचं सुनेनं कसं करायचं आणि मायचं पोरानं कसं करायचं, हा घराघरातला अवघड प्रश्न या चार बोटांच्या फटीनं बराच सुटतो. मायला बसवताना मांडीवर आधी दुपट्टा टाकावा, मग खालून लुगडं वर सारावं. पोरगा हे डोळे न वळवता करू शकतो.

बसवायचं काम तर पोराचंच. ताकदीची कामं पुरुषाची म्हणतात ना, मग साठ किलोचा माणूस बाजेवरून उठवणं ताकदीचंच आहे. खुर्ची धडधाकट अंगाच्या बाजूला, बाजेला तिरपी आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवावी. घडीचा खटका बसला का, हातानं दाबून पाहावा. म्हाताऱ्याच्या कमरेला सुती दुपट्टा दुहेरी करून घट्ट बांधावा आणि तो धरून उठवावं. काखेत हात घालून ओढलं तर लकव्याचा खांदा निखळू शकतो. लुळ्या पायाच्या गुडघ्याला आपला गुडघा लावून ठेवावा, म्हणजे पाय दुमडत नाही. मग वळवून हळू टेकवावं, पार मागं सरकवून. काठावर बसवलं तर खुर्ची पुढं कलते.

उंचीत घोळ होतो. खुर्ची साधारण १८ इंच, बाज १४-१५ इंच आणि मधे झोळ. खालून वर उचलताना कंबर जाते ती उचलणाऱ्याची. बाजेची दोरी ताणून घ्यावी आणि चारही पायांखाली खाच केलेले लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या विटा सरकतात. सारवलेल्या जमिनीत खुर्चीचे पाय रुततात, तिथं खाली एक फरशी टाकावी.

गंज धरतो तो घडीच्या सांध्यात, तिथं रंग आधी उडतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात खाऱ्या पाण्यानं धुतली तर आणखी लवकर. धुतल्यावर पुसून उन्हात ठेवावी, ॲसिड लावू नये. मे महिन्यात उन्हात तापलेलं रेक्झिन मात्र चटका देतं, बसवण्याआधी ओला फडका फिरवावा.

कापूस वेचणीच्या दिवसांत खुर्चीपाशी दिवसा कुणी नसतं. कपाशी वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर, दुपारी ती घरी आली की तेवढा कापूस गेला. म्हणून पहाटेची खेप आणि बादली पोरानं वावरात जायच्या आधी उरकावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळाची जबाबदारी असलेल्या अपत्यांत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून त्या यादीत नाही, बादलीपाशी मात्र तीच.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात आणि साहित्याच्या यादीत कमोड खुर्ची आहे. दुकानातून पक्की पावती घ्यावी. त्याच मापाची दुसरी बादलीही तेव्हाच उचलावी. नंतर ते माप मिळत नाही, आणि एक धुऊन वाळत असताना दुसरी लागतेच.