डिअर लॉज की शेरिडन? एकाच ठिकाणी थांबायला वेळ असेल तर

सिएटलहून यलोस्टोन करून पुढे माउंट रशमोरला जाणारे बरेच जण आय-90 या हायवेवरून जातात, आणि त्याच रोडवर गुरांच्या धंद्यातून राजकारणात गेलेल्या दोन माणसांची घरं आहेत. मोंटानात डिअर लॉजला कॉनराड कोर्स (हो, अभ्यासक्रमवाला कोर्सच वाटतो ऐकायला) आणि वायोमिंगमधे शेरिडनला जॉन केंड्रिक. एकच बघायचं असेल तर माझं मत आधीच सांगून टाकते, डिअर लॉज.

कोर्स मुळात व्यापारी माणूस. 1835 चा जन्म, होल्स्टाइनचा, पोरवयात जहाजावर गेला, मग सोन्याच्या मागे फिरत 1862 ला मोंटानात आला. सोनं काही फारसं मिळालं नाही पण बॅनॅकच्या खाणवस्तीत खाटकाच्या दुकानात महिना 25 डॉलरवर नोकरी मिळाली, मालकाचं शेरीफशी वाजलं, मालक पळाला आणि दुकान याच्याकडे आलं. खाणवाल्यांना मांस विकायचं तर गुरं लागणार, म्हणून 1866 मधे डिअर लॉजची जॉनी ग्रँटची रँच (गुरं पाळायचं मोठं कुरण) घेतली. हा ग्रँटही वस्ताद, वाटसरूंची थकलेली दोन गुरं घ्यायचा आणि एक ताजंतवानं द्यायचा! पुढे 1886-87 च्या हिवाळ्यात बर्फाने गुरं मेली, तेव्हा ब्यूट गावच्या बँकर ए. जे. डेव्हिसने काहीही तारण न घेता 1 लाख डॉलर दिले. माणसाची पत म्हणजे काय ते इथे कळतं. राजकारण त्यामानाने जोडधंदा, 1889 च्या राज्यघटना परिषदेत होता आणि 1902 मधे राज्याच्या सिनेटवर निवडून आला, पण डोकं कायम गुरांतच.

केंड्रिकचं उलटं. टेक्सासचा अनाथ पोरगा, 1879 मधे गुरं हाकत वायोमिंगला आला, ज्याची गुरं हाकली त्याच्याच मुलीशी पुढे लग्न केलं. 1913 मधे ट्रेल एंड नावाचा बंगला पूर्ण झाला, वर डान्ससाठी अख्खा हॉल. आणि 1914 ला गव्हर्नर म्हणून निवडून आला की घर सोडून राज्याची राजधानी शायेन! मग 1917 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1933 पर्यंत वॉशिंग्टनमधे सिनेटर. टीपॉट डोमच्या तेलघोटाळ्यात (सरकारी तेलसाठे लाच घेऊन खाजगी कंपन्यांना दिल्याचं प्रकरण) 1922 ला चौकशीचा ठराव आधी यानेच मांडला, ते राजकारणाच्या लोकांना भारी वाटेल.

तर लाकडी नक्षी, झुंबरं, गव्हर्नरचा थाट आवडत असेल तर शेरिडन, तिथे तिकीट आहे. पण पोरं बरोबर असतील, गाडीत बसून कंटाळली असतील तर डिअर लॉजच, एन्ट्री फ्री आहे, नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते, अजून गुरं आहेत, घोडे आहेत आणि शेण बघून पाय टाकावा लागतो.