कार्बवाल्या मारुती ८०० ला घरी इंजेक्शन बसवायचंय? स्पीडुइनो बोर्डचा माझा रिव्ह्यू

थेट सांगतो, घ्या. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी घरच्या घरी ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) करायची असेल तर एवढ्या कमी पैशात यापेक्षा चांगला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मी तरी बघितला नाही. पण बोर्ड घेतला म्हणजे काम झालं असं समजू नका, खरा खेळ सेन्सर, वायरिंग आणि पेट्रोल लाइनचा आहे.

स्पीडुइनो म्हणजे आर्डुइनो मेगा २५६० या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालणारा ओपन सोर्स ईसीयू. मेगावर फर्मवेअर टाकायचं, तो बोर्डवर बसवायचा आणि यूएसबी केबलने लॅपटॉपला लावून ट्यूनर स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंग करायचं. मी ०.४ व्हर्जन घेतलंय, त्यात इंजेक्टरला चार आणि इग्निशनला चार आउटपुट आहेत, ८०० च्या तीन सिलिंडरला पुरून उरतात. बहुतेक पार्ट मोठे, पायवाले आहेत त्यामुळे साधी सोल्डरिंग येत असेल तर स्वतः जोडता येतो, आणि काही जळलं तर तेवढाच पार्ट काढून नवीन टाकता येतो, कंपनीच्या सीलबंद ईसीयूला हे कुठे जमतंय. मेगास्क्वर्ट हा असाच दुसरा ईसीयू २००१ पासून आहे आणि उत्तमच आहे, पण आपल्याकडे मागवायचं म्हणजे खिसा रिकामा होतो.

आता इंजेक्टर. इथे लोक मोठ्या गाडीचे उचलून आणतात आणि मग आयडलिंग बसत नाही म्हणून डोकं धरतात. साधा हिशोब करा ना, ७९६ सीसीचं इंजिन, ३९ बीएचपी धरा, एका बीएचपीला तासाला अर्धा पाउंड पेट्रोल, भागिले तीन सिलिंडर आणि इंजेक्टर जास्तीत जास्त ८० टक्के वेळ उघडा, म्हणजे एका इंजेक्टरला मिनिटाला ८५ सीसीच्या आसपास लागतं, बस. मोठ्या इंजेक्टरला आयडलवर इतका कमी वेळ उघडायचं असतं की त्याचं उघडणं-मिटणंच नीट होत नाही. आणि हाय इम्पिडन्सवालेच (जास्त रेझिस्टन्सचे) घ्या, मल्टिमीटरवर १२ ते १६ ओहम दाखवणारे. बोर्ड हेच सरळ चालवतो, कमी ओहमवाल्यांना मध्ये रेझिस्टर लावावा लागतो.

मॅनिफोल्डला इंजेक्टरच्या जागा मी कोल्हापुरात उद्यमनगरला करून घेतल्या. अ‍ॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग आणि बोअर, दोन्ही एकाच गल्लीत झालं आणि काम असं की बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. टीपीएससकट (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर) थ्रॉटल बॉडी स्क्रॅपमधून मिळाली.

क्रँक पुलीवर ३६-१ चं दातेरी चाक आणि त्याचे दाते ओळखणारा हॉल सेन्सर लावलाय. ३६ दात्यांच्या जागेत एक दाता गाळलेला, म्हणजे दर १० अंशाला एक पल्स, आणि ती मोकळी जागा आली की ईसीयूला कळतं क्रँक कुठे आहे. ट्यूनर स्टुडिओत टूथ लॉगर आहे तो मला सगळ्यात जास्त आवडला. सेल्फ मारला की एकसारख्या दांड्या दिसतात आणि मध्येच एक दुप्पट उंच, तोच आपला गाळलेला दाता. मध्येच वेडीवाकडी दांडी दिसली तर नॉइज आहे, मग शिल्डेड वायर टाका, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि प्लगच्या वायरी रेझिस्टन्सवाल्या बघून घ्या. इग्निशन सध्या डिस्ट्रिब्युटरवरच ठेवलंय. आधी पेट्रोल जमवा, स्पार्क नंतर, दोन्ही एकदम काढलं तर चूक कुठे आहे तेच कळत नाही.

ट्यूनिंगला वाइडबँड ओटू सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा) पाहिजेच, त्याच्याशिवाय अंधारात तीर. आणि हो, आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतंय त्यामुळे साध्या पेट्रोलच्या हवा-पेट्रोल प्रमाणाच्या १४.७ या आकड्याच्या मागे लागू नका, ई२० चं बरोबर मिश्रण साधारण १३.५ ला येतं. मीटर सरळ लॅम्डावर (बरोबर मिश्रण म्हणजे १) ठेवा आणि १ बघा, पेट्रोल कुठलंही असो. व्हीई टेबल, म्हणजे कुठल्या आरपीएम आणि लोडला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा तक्ता, १६ बाय १६ चं आहे, पण आपल्या रोजच्या वापरात त्यातला मधला भागच येतो, तो आधी नीट करा. ट्यूनर स्टुडिओच्या ऑटोट्यूनला (तक्ता आपोआप सुधारणारी सोय) पैसे भरावे लागतात, ते भरा, वेळ वाचतो.

फरक काय पडला? सकाळी थंडीत चोक ओढणं बंद, पहिल्या सेल्फला गाडी सुरू. आंबा घाटात चढताना दुसऱ्या गिअरला जे अडखळायची ते गेलं. पॉवर वाढली असं मी म्हणणार नाही, इंजिन तेच आहे, पण पिकअप एकदम सरळ येतो.

तक्रार एकच, ती मूळ प्रोजेक्टबद्दल नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या तयार क्लोनवर मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) डुप्लिकेट निघाला, इंजिन बंद असताना तो ८० केपीए दाखवायचा. कोल्हापूरच्या उंचीला ९५ च्या आसपास यायला पाहिजे. बोर्ड हातात आला की हे आधी तपासा.

पेट्रोलच्या पाइपवर मात्र एक रुपया वाचवू नका. कार्बची लाइन ३-४ पीएसआयची असते, इथे ४३ पीएसआय आहे, जुना पाइप फुटला तर गरम सायलेन्सरवर पेट्रोलचा फवारा. इंजेक्शनसाठीचाच पाइप आणि क्लिप वापरा, पंपाचा रिले ईसीयूवरूनच घ्या म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद होतो. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) वाचून घ्या, गाडी रस्त्यावर काढायच्या आधी आरटीओत विचारा.